साऱ्या गल्लीची पालक

द्राक्षाच्या थिनिंगचे दिवस आले की गावातल्या बाया गावात सापडत नाहीत. उजाडायच्या आत टेम्पो देवळापुढं येऊन हॉर्न मारत बसतो. बाया नवऱ्यांचे जुने शर्ट लुगड्यावर चढवतात, भाकरीचं फडकं काखेत मारतात आणि एकमेकींना शिव्या देत टेम्पोत चढतात. मग दिवसभर मांडवाखाली मान वर करून उभं राहायचं आणि घडातले बारके मणी कात्रीनं उडवायचे. सांजच्याला घरी आल्यावर ती मान खाली घ्यायलाही कळ येते. आणि नेमक्या याच दिवसांत शाळेला पालकसभा सुचते. हजेरी बुडवून सतरंजीवर बसायला जायचं कुणी?

गल्लीनं त्यावर तोड काढली होती. ती तोड म्हणजे गंगम्मा.

गंगम्मा ही श्रीमंतची आत्या. तरणेपणीच सासरहून माघारी आली ती कायमची. भाऊ होता तोवर भावाच्या, आणि भावामागं भाच्याच्या, म्हणजे या श्रीमंतच्या, घरात तिनं दिवस काढले. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून रान सुटलं होतं. श्रीमंतची पोरगी ऋतुजा नववीला, तेव्हा तिची आज्जी म्हणून सभेला जाणं ओघानंच आलं. पण जाता जाता ती शेजारच्या नागम्माच्या इंद्रजीतचीही पालक व्हायची, पलीकडच्या अंकिताचीही व्हायची. नाव पुकारलं की उठायचं, सर सांगतील त्याला "व्हय की" म्हणायचं आणि चहा पिऊन यायचं. आल्यावर ज्याचा निरोप त्याच्या दारात टाकायचा. जन्मात कुणी तिला खुर्ची दिली नव्हती, शाळेत देत होते. त्यामुळं सभेच्या दिवशी ती इरकल लुगडं नेसायची आणि कुणी काही म्हणो, जरा ताठ चालायची.

"आत्या, आज साळंत मीटिंग हाय म्हनं. तेवडं जाऊन या," चुलीपुढं भाकरी थापता थापता श्रीमंतची बायको धनलक्ष्मी म्हणाली.

"जाते की. माजं काय काम अडलंय हितं?"

"आन् बाईस्नी इचारा, पोरीचं चाललंय काय. घरात धा हाका मारल्या तरी ओ देत न्हाय. लई गुर्मी आलीया." भाकरी तव्यावर टाकून तिनं बाहेर कान दिला. "आला वाटतं टेम्पो. अवो, आटपा की!"

श्रीमंत म्हैस सोडत होता. ऋतुजा अंगणात वेणी घालत पाठमोरी बसली होती. टेम्पोचा हॉर्न एवढा वाजला, पण तिनं मान वळवली नाही.

मंद्रूपच्या रस्त्याला शाळा होती. दुपारी गंगम्मा सीटा भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून उतरली तेव्हा सभा सुरू झाली होती. हेडमास्तर मोबाइलवर बोलले, गैरहजेरीवर बोलले, बागेच्या हंगामात पोरांना कामाला नेऊ नका म्हणून कळकळीनं बोलले. समोर बसलेल्या निम्म्या बाया म्हाताऱ्या होत्या. ज्यांना सांगायचं ते मांडवाखाली होते आणि ज्यांना बागेत कुणी घेतही नाही त्या माना डोलवत होत्या. इंद्रजीतचं नाव आलं, गंगम्मा उठली. अंकिताचं आलं, तेव्हाही उठली. सर हसले, बायाही हसल्या.

सभा संपल्यावर हत्तुरे मॅडमनी तिला थांबवलं. ऋतुजाच्या वर्गशिक्षिका. बारीक अंगाच्या आणि घाईत बोलणाऱ्या.

"आजी, ऋतुजाचं जरा बोलायचंय. तिच्या डाव्या कानातून पू येतो, तुम्हाला माहीत आहे ना? परवा शाळेत तपासणीला डॉक्टर आले होते. ते म्हणाले, पडद्याला भोक आहे. तिला त्या बाजूनं नीट ऐकू येत नाही."

व्हरांड्यात बाया चपला शोधत होत्या. गंगम्मानं तिकडं बघून घेतलं.

"बाई, हळू बोला. चार मानसं हायत."

"लपवण्यासारखं काय आहे त्यात?" मॅडम म्हणाल्या, पण आवाज खाली घेतला. "हे बघा, मी तिला पहिल्या बाकावर बसवलंय, उजवा कान माझ्याकडं येईल असं. तेवढं आम्ही करतोय. पण सोलापूरला मोठ्या दवाखान्यात दाखवायला पाहिजे, आणि लवकर. मी सोबत येते. शाळेनं चिठ्ठी दिली की तिथं सगळं फुकट होतं. फक्त आई नाहीतर वडील, कुणीतरी एकजण यायला हवं. आत्ता नेलं तर कान वाचेल. सांगाल ना घरी?"

"सांगते की. न सांगून कसं चालंल?"

"नक्की?"

"व्हय, बाई."

खोटं बोलायचं असं तिच्या मनातही नव्हतं. जीपमध्ये बसली तेव्हा, जाऊन आधी श्रीमंतच्या कानावर घालायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

पण घरी येते तो नागम्मा ओट्यावर बसलेली. नागम्माच्या पोटात गेलेली गोष्ट ओठावर यायला तिन्हीसांजही व्हावी लागायची नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शिवाय अक्कलकोटच्या बाजूला तिच्या बहिणीचा पोरगा होता, गॅरेज टाकलेला, आणि ऋतुजा दहावी होऊ दे मग बघू, असं ती धनलक्ष्मीजवळ अधूनमधून बोलत असे. धनलक्ष्मी नुकतीच टेम्पोतून उतरून बोटांचा काळा चीक राखेनं घासत होती.

"काय म्हनल्या बाई?" तिनं विचारलं.

नागम्माही पुढं सरकली. "माज्या इंद्याचं काय म्हनले? आन् हिच्या पोरीचं?"

गंगम्मानं तोंड उघडलं आणि तिला तिचं सासर आठवलं. नवी नवरी असताना सुया टोचायला नर्सबाई आली होती. गंगम्माच्या दंडावरचा पांढरा डाग बघून ती भर ओट्यावर मोठ्यानं म्हणाली होती, "अगं, हे दाखवून घे की डॉक्टरला." बिचारी चांगल्या मनानंच म्हणाली होती. पण आठ दिवसांत सासऱ्यानं गंगम्माला बैलगाडीत बसवून माहेरी आणून सोडलं आणि त्या गाडीत तिची ट्रंकही होती. सरकारी माणूस तुमच्या पोरीचं व्यंग बोलून दाखवतो, औषध लिहून देतो आणि पुढच्या गावाला निघून जातो. राहायचं असतं ते पोरीला, हे गंगम्माइतकं कुणाला कळणार?

"चांगली हाय म्हनल्या," ती म्हणाली. "पयल्या बाकावर बसीवलंय तिला."

"बगा!" धनलक्ष्मी सुखावली. "म्हंजी साळंत बरी हाय. घरातच तेवडी थेरं."

गंगम्मा आत गेली. नागम्मा उठून जाऊ दे, मग सांगू, असं तिनं स्वतःला बजावलं. नागम्मा गेली, जेवणं झाली, श्रीमंत घोरायला लागला. उद्या सांगू, असं झालं. माणसानं गोष्ट एकदा उद्यावर टाकली की तिचं ओझं रोज वाढत जातं, आणि मग ती उचलायचीच भीती वाटते.

असं नव्हे की तिला काळजी नव्हती. काळजी होती म्हणून तर तिनं उपाय सुरू केला. घरी कुणी नसताना ती पळीत गोडंतेल तापवायची, त्यात लसणाच्या पाकळ्या टाकून लाल करायची, आणि कोमट झालं की ऋतुजाला मांडीवर एका कुशीवर निजवायची.

"आज्जी, बाई म्हनल्या कानात कायबी घालू नको."

"बाईस्नी काय कळतंय? आमचे कान ह्यानंच बरे झालेत. आन् आईला बोलू नगंस. तिच्या डोक्याला आदीच ताप हाय."

"आन् बाईनी इचारलं तर? दवाखान्याचं?"

"बागा संपल्यावर जायाचं म्हनून सांग."

पोर तेल घालून घ्यायची. वास येऊ नये म्हणून कापसाचा बोळा घालायची आणि वरून केस ओढून घ्यायची. मैत्रिणी नाक धरतात म्हणून तिलाही लाजच वाटत होती. दोघींचं गुपित झालं, आणि म्हातारीला त्यात, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटत होतं. तिच्या मांडीवर असं कुणी कधी निजलं नव्हतं.

मार्गशीर्ष लागला तसं धुकं पडायला लागलं. द्राक्षाला धुकं म्हणजे रोगाला आवतण. बागायतदारांची धांदल उडाली. बायांना जास्त हजेरी कबूल झाली आणि एका रविवारी मुकादम दारात येऊन म्हणाला, "घरात आसंल ती बाई सोडा. म्हातारीबी चालंल, खालचे घड करंल."

म्हणून त्या दिवशी तिघीही गेल्या. गंगम्मा उलट्या क्रेटवर बसून खालचे घड करत होती. धनलक्ष्मी आणि ऋतुजा एकाच ओळीत पुढं मागं होत्या. पोरीचा हात चांगला चालत होता. घड डाव्या हातात फिरवायचा आणि कात्रीचं टोक आत घालून नेमका मणी उडवायचा. मणी टपटप खाली पडत होते. गंगम्मा कौतुकानं बघत होती.

बागायतदाराला औषध मारायची घाई झाली होती. बाया अजून मांडवात असतानाच त्यानं ट्रॅक्टर आत घातला. मागं फवारणीचा ब्लोअर लावलेला, त्याचा आवाज असा की बोलणंही ऐकू येईना.

"सरका, सरका! ओळ मोकळी करा!" मुकादम ओरडला.

बाया कात्र्या सावरत शेजारच्या ओळीत पळाल्या. ऋतुजा पाठमोरी होती. आवाज तिच्यापर्यंत पोचला असणार, पण तो कुठल्या ओळीतून येतोय ते तिला उमगलं नाही. ती उजवीकडं बघू लागली आणि ट्रॅक्टर आला डावीकडून.

"ऋतू! ए ऋतू!" गंगम्मा जीव खाऊन ओरडली. गुडघे उठू देईनात.

धनलक्ष्मी धावली. दंडाला धरून तिनं पोरीला ओढलं. दोघी तारेच्या खांबाला थडकल्या आणि ट्रॅक्टर औषधाचा फवारा उडवत अंगावरून गेल्यासारखा गेला. ड्रायव्हर शिवी देऊन गेला, बागायतदार लांबून ओरडला, "पोरीस्नी कशाला आनता रे बागंत? मेली म्हंजी माज्या गळ्यात!"

सगळ्या बाया बघत होत्या. धनलक्ष्मीनं पोरीचा दंड अजून सोडला नव्हता. भीती होती, राग होता, चारचौघात खाल्लेली बोलणी होती. तिनं हात उचलला आणि पोरीच्या कानशिलात दिली. डाव्या.

"कान फुटलेत का गं तुजे? आं? मेली आसतीस की आत्ता! फुटलेत का कान?"

ऋतुजा कान दाबून मटकन खाली बसली. ती रडली नाही. तिनं आज्जीकडं बघितलं.

त्या वेळी बोलायला हवं होतं. गंगम्मा पुढं आयुष्यभर तोच क्षण आठवत राहिली. पण भोवती बाया होत्या, नागम्मा होती, मुकादम होता.  तिनं क्रेटवरून वाकून खाली पडलेली कात्री उचलली आणि दुसरा घड हातात घेतला.

दोन दिवसांनी पोरीला ताप भरला. कानामागं सुजलं. गावातल्या डॉक्टरनं सुई दिली, ताप उतरला आणि परत चढला. ऋतुजा शाळेला गेली नाही, धनलक्ष्मीही घरी राहिली. आणि असं चाललेलं असताना हत्तुरे मॅडमची स्कूटी दारात येऊन थांबली.

धनलक्ष्मी लगबगीनं पुढं झाली. पदर सारखा करत तिनं सतरंजी टाकली. "या की बाई. आमच्या घरी आलाव, लई बरं वाटलं. आत्या, च्या टाका."

मॅडम बसल्या नाहीत. "तुम्ही ऋतुजाची आई?"

"व्हय की."

"आज पहिल्यांदा बघतेय तुम्हाला." आवाजात राग होता आणि त्यांनी तो लपवलाही नाही. "एवढा निरोप पाठवून तुम्ही पोरीला दवाखान्यात नेलं नाही. मी सोबत येते म्हटलं, खर्च नाही म्हटलं. बागा संपल्यावर जाऊ म्हणे! पोरीच्या कानापेक्षा बागा मोठ्या झाल्या का हो?"

धनलक्ष्मी बघतच राहिली. "कसला निरोप, बाई?"

"कानाचा. पडद्याला भोक आहे ते. आजींना सगळं समजावून सांगितलं होतं मी."

आत चुलीवरचं आधण वाजत होतं. गंगम्मा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. धनलक्ष्मी सावकाश वळली.

"आत्या?"

गंगम्मानं पदर कपाळावर ओढला.

"आत्या, सांगितलं हुतं बाईनी?"

"व्हय."

धनलक्ष्मी ओरडेल, निदान शिवी तरी देईल असं वाटलं होतं. तिनं फक्त स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं. मग आत जाऊन पोरीच्या उशाशी बसली.

मॅडमचा राग उतरला. त्या सतरंजीवर बसल्या. "माझंही चुकलंच," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "सभेला सांगितलं म्हणजे घरी पोचलं असं धरलं मी. एकदा यायला काय होत होतं?" मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आत्ताच निघू. मी गाडीचं बघते."

गंगम्मा घरी राहिली. तिला कुणी चल म्हटलं नाही आणि ती निघालीही नाही. म्हशीला वैरण टाकली, अंगण झाडलं, झाडलेलं पुन्हा झाडलं. श्रीमंत दवाखान्यात ये-जा करत होता. ताटात वाढलेलं मुकाट्यानं खाऊन तो परत निघायचा. हा तिच्या डोळ्यांपुढं वाढलेला भाचा. तो दोन शब्द टाकून बोलला असता तरी तिला बरं वाटलं असतं.

ऑपरेशन करून पोरीला घरी आणलं तेव्हा डोक्याला पांढरी पट्टी होती आणि तोंड एवढंसं झालं होतं. विचारपूस करायला गल्ली जमली. धनलक्ष्मीनं कुणाला काही लपवलं नाही. ओट्यावर बसून ती सगळं सांगत होती, आणि सांगताना हुंदके देत होती.

"डावा कान गेलाच म्हनले. आतलं हाड नासलं हुतं, ते काडलं. आता त्यातनं ऐकू येनार न्हाय. उजव्यालाबी लागन झालीया, त्यात मशीन घालायचं म्हनं. साळा देनार हाय मशीन." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी इचारलं डाक्टरला, मारल्यानं झालं का वो? तर ते म्हनले, मारल्यानं चांगलं तर झालं नसंल. माज्या हातानं केलं बाई मी. ह्या हातानं."

"न्हाय गं, आसं नगं म्हनूस," नागम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. बहिणीच्या पोराचं नाव तिनं काढलं नाही, पण उठूनही गेली नाही.

"आन् तेल!" धनलक्ष्मी म्हणाली. "कानात तेल घातल्यानं आत कुजलं म्हनले. कुनी घातलं म्हनून लई रागावले. तर ऋतू म्हनती, मीच घातलं. कळ यायाची म्हनून पोर आपल्या हातानं तेल घालत हुती, आन् मला आईला त्याचा पत्ता न्हाय."

गंगम्मा आत पाणी भरत होती. तिच्या हातातली कळशी तशीच राहिली.

पोरीनं अंगावर घेतलं होतं. डॉक्टर ओरडत असताना, आई रडत असताना, डोक्याला पट्टी बांधलेल्या त्या पोरीनं आज्जीचं नाव घेतलं नव्हतं. आणि आता ते तसंच राहून गेलं असतं. कुणी कधी विचारलं नसतं. धनलक्ष्मी जन्मभर आपल्या हाताला दोष देत बसली असती आणि गंगम्मा त्याच घरात, त्याच चुलीपुढं, तिच्या हातची भाकरी खात राहिली असती. आजवर तिनं जे केलं ते भीतीनं केलं होतं. ही मात्र निव्वळ चोरी झाली असती.

ती बाहेर आली. ऋतुजा ओट्याच्या कडेला शेंगा फोडत बसली होती. गंगम्मा तिच्याजवळ बसली.

"तेल मी घातलं," ती पुटपुटली. "तू का घेतलंस अंगावर?"

ऋतुजानं वर बघितलं. "आं?"

"तेल मी घातलं म्हनते."

"काय म्हनतीस, आज्जी? ऐकू येत न्हाय."

शेजारी बाया बोलत होत्या. पोरीला आत घेऊन जाता आलं असतं, तोंडापुढं तोंड नेऊन सांगता आलं असतं. गंगम्मानं दोन्ही हातांनी पोरीचं तोंड आपल्याकडं धरलं आणि छातीत होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढला.

"तेल मी घातलं, ऋतू! मी घातलं! बाई नगं म्हनल्या हुत्या तरी घातलं. निरोपबी मीच दाबला. तुज्या आईच्या हातानं काय झालं न्हाय. मी केलं गं, मी!"

साऱ्या बायांच्या माना वळल्या. पलीकडच्या दारातली म्हैस तेवढी शेपटी हलवत होती. धनलक्ष्मी तोंडावरचा पदर तसाच धरून बघत होती आणि नागम्माचा हात तिच्या पाठीवर थांबला होता.

गंगम्माला धाप लागली होती. आता पोर काय म्हणते म्हणून ती तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"ऐकू आलं," ऋतुजा म्हणाली. मग तिनं मान खाली घातली आणि शेंगा फोडू लागली.